ज्याने तोललं त्याने सांगायचं

दिवाळी अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे लिहायला सांगितलं तेव्हा आधी वाटलं, आपण काय लिहिणार? मग वाटलं, जे रोज करते ते तरी सांगता येईल. मी विमानं जोडते आणि तोलते.

ही माणसं बसायची विमानं नाहीत. रिमोटवर उडणारी आहेत. पण खेळणी म्हटलं की नाना चिडतात. आमच्याकडचं मोठं विमान असं असतं की मी दोन्ही हात पसरले तरी पंखाच्या दोन टोकांना पोचत नाहीत. वजन भरल्या कळशीएवढं. पुढे पेट्रोलचं इंजिन, त्यात तेल मिसळलेलं पेट्रोल, आणि इंजिनावर लाकडी पंखा. तो पंखा फिरायला लागला की समोर उभं राहायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. हवेत ही विमानं उलटी उडतात, गिरक्या घेतात, नाक वर करून जागच्या जागी लटकून राहतात. आकाशात कसरत करायची म्हणूनच ती बनवलेली असतात.

धुळ्यात मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानामागे नानांचं पत्र्याचं शेड आहे. नाना वरणगावच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर धुळ्यात मुलीकडे आले आणि घरी बसवेना म्हणून हा उद्योग मांडला. मी तिथे रिवाइंडिंगच्या दुकानात बिलं लिहायला लागले होते. एकदा मागून स्क्रू पडल्याचा आवाज आला, नाना खाली वाकून शोधत होते, मी जाऊन शोधून दिला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "पोरी, तू इकडेच बस. माझे डोळे नि तुझे डोळे मिळून एक माणूस होईल."

आमच्या गावी, सोनगीरच्या पुढे, माझी आई शेजारणींना सांगते, "मनी आंडेर इमान बनाडस," म्हणजे माझी मुलगी विमान बनवते. शेजारणी मला विचारतात, "मंग तू बसस का त्यामा?" मी नाही म्हटलं की त्यांचा उत्साह जातो.

खरं तर बनवत आम्ही नाही. विमानाचे भाग खोक्यातून येतात. हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर रंगीत फिल्म ताणून बसवलेली. आम्ही पंख कार्बनच्या नळीवर चढवतो, इंजिन बसवतो, शेपटी चिकटवतो, आणि पंखांच्या व शेपटीच्या हलणाऱ्या पट्ट्या छोट्या मोटारींना सळ्यांनी जोडतो. या मोटारींना सर्व्हो म्हणतात. रिमोटची कांडी सरकवली की सर्व्हो फिरतो आणि पट्टी हलते. इंजिनाच्या प्रत्येक बोल्टला निळ्या गोंदाचा थेंब लावावा लागतो, नाहीतर थरथरीने बोल्ट सैल होतो. हे सगळं चिकाटीचं काम आहे, पण चिकाटी असेल तर कोणालाही येईल.

फिल्मचं काम मला आवडतं. खानदेशात मे महिन्यात ते जरा जास्तच असतं. जळगावच्या एका गिऱ्हाइकाने विमान बंद गाडीत ठेवलं आणि लग्नात जेवायला गेला. परत आला तर पंखावरची फिल्म सैल पडून सुरकुत्या आलेल्या. छोट्या इस्त्रीने ती परत ताणावी लागते. इस्त्री जास्त तापली तर भोक पडतं, कमी तापली तर सुरकुती तशीच. मी त्याला म्हटलं, गाडीत ठेवत जाऊ नका. तो म्हणाला, "मग काय मांडवात नेऊ? नवरदेवाकडे कोणी बघायचं नाही."

आणखी एक गिऱ्हाईक म्हणजे रावेरचे एक भाऊ, केळीचे बागायतदार. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "याच्यावर औषधाची टाकी बसेल का?" नानांनी समजावलं की हे उलटं उडतं, औषध तुमच्याच अंगावर पडेल. तरी त्यांनी विमान घेतलं. न्यायला केळीचा ट्रक आणला होता. पंखाला धक्का लागू नये म्हणून त्यांच्या माणसांनी, घड बांधतात तसे, खालीवर केळीची पानं घालून पंख बांधले. इतकं प्रेमाने बांधलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रावेरला पोचेपर्यंत पानांच्या देठांचा चीक पांढऱ्या पंखांवर उतरला. केळीचा चीक ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना माहीत आहे, तो डाग जात नाही. मी नवी फिल्म लावून देते म्हटलं. भाऊंनी फोनवर सांगितलं, "राहू दे. केळीवाल्याचं विमान आहे हे लांबून कळलं पाहिजे." ते अजून तसंच उडतं.

आता तोलण्याबद्दल सांगते, कारण मला जे सांगायचं आहे ते त्याच्याभोवतीच आहे.

विमानाच्या पंखाखाली दोन ठिकाणी आम्ही काळी टिकली लावतो, एक उजव्या बाजूला, एक डाव्या. दोन माणसांनी त्या टिकल्यांखाली बोटं घालून विमान अलगद उचलायचं. नाक किंचित खाली झुकून विमान स्थिर राहिलं, तर तोल बरोबर. टाकी रिकामी ठेवून तोलायचं, कारण आमच्या विमानांत टाकी पुढे असते आणि उडताना पेट्रोल संपत जातं. नाक फार जड असेल तर विमान आळशी उडतं, कसरत करत नाही, पण घरी परत येतं. शेपटी जड असेल तर कांडीला नुसता स्पर्श केला की नाक उसळतं, ते खाली आणायला जावं तर आणखी उसळतं, आणि मग माणसाच्या हातात काही राहत नाही. तोल चुकला तर आम्ही शिसं लावत नाही. बॅटरी पुढेमागे सरकवतो. वजन वाढवण्यापेक्षा आहे ते योग्य जागी नेणं बरं, असं नाना म्हणतात.

नानांच्या शेडचा एक नियम आहे. विमान ज्याने शेडमध्ये तोललं, त्यानेच माळावर पहिल्या उड्डाणाआधी ते पुन्हा तोलायचं आणि "बसलं" म्हणायचं. तो शब्द आल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. विमान कोणाचं आहे, किती माणसं जमली आहेत, याला किंमत नाही. ज्याने तोललं त्याने सांगायचं. इतकी वर्षं तो शब्द नानाच म्हणत.

मागच्या वर्षी नानांचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीत वाजायचा. स्क्रू मी घालायचे, पण तोलताना थरथरती बोटं चालत नाहीत. विमान खरंच झुकतंय की बोट हलतंय, हे कळत नाही. एक दिवस ते म्हणाले, "हेमंतभाऊचं विमान तू तोल. मी मागून तपासणार नाही. माळावर शब्दही तूच द्यायचा. नीट गेलं तर शेड चालू ठेवू. नाही गेलं तर दिवाळीनंतर कुलूप. दुसऱ्याची वस्तू मी थरथरत्या हातांवर सोडणार नाही."

त्यांनी हे इतकं साधेपणाने सांगितलं की मी फक्त "बरं" म्हटलं. पण मला कळलं होतं. ते विमान पडलं तर ते शेड बंद होणार होतं, आणि माझ्या बोटांमुळे होणार होतं.

हेमंतभाऊंचं शिरपूरकडे ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. लहान विमानं उडवून त्यांचा हात चांगला बसला होता, आणि हे त्यांचं पहिलं मोठं विमान. लाल आणि पिवळ्या पट्ट्यांचं. काचेच्या झाकणाखाली हेल्मेट घातलेला एक छोटा बाहुला वैमानिक बसवलेला. मी ते शेडमध्ये दोनदा तोललं. बॅटरी जिथे बरोबर बसली तिथे पेन्सिलने रेघ मारली. नाक किंचित खाली, पंख सारखे. नानांनी लांब स्टुलावर बसून पाहिलं, पण उठून जवळ आले नाहीत. दुसऱ्या दिवशी हेमंतभाऊ विमान घरी घेऊन गेले, आणि रविवारी सकाळी सोनगीरच्या अलीकडच्या माळावर भेटायचं ठरलं.

रविवारी मी आणि नाना पोचलो तेव्हा पिकअपमधून हेमंतभाऊंचं अख्खं घर उतरत होतं. त्यांची आई, जिला सगळे अक्का म्हणतात, साडू, मुलं, डबे, सतरंजी. पंख चढवून विमान उभं केलेलं. पंख्याच्या टोपीला कुंकू, समोर फोडलेला नारळ. मी पंखांचे बोल्ट तपासले, बॅटरी पाहिली, ती बरोबर पेन्सिलच्या रेघेवर होती. मग उजवीकडे मी आणि डावीकडे हेमंतभाऊ, अशी बोटं घालून विमान उचललं.

शेपटी खाली गेली.

"तुझं बोट मागे गेलंय," हेमंतभाऊ म्हणाले. बोट टिकलीवरच होतं. खाली ठेवून मी मागे जाऊन पाहिलं. शेपटीच्या चाकाला काळ्या दोऱ्याने लिंबू आणि मिरच्या बांधल्या होत्या. नव्या ट्रॅक्टरला बांधतात तशा, व्यवस्थित, कोळशाच्या तुकड्यासकट.

मला हसू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. इतक्या मागे बांधलेलं लिंबू म्हणजे तोल जाणारच. मी म्हटलं, "भाऊ, हे पिकअपला बांधू या का? विमानाला मागे चालत नाही." अक्कांनी मान डोलावली आणि लिंबू पिकअपच्या बंपरला गेलं.

पुन्हा उचललं. शेपटी पुन्हा खाली गेली. पहिल्यापेक्षा कमी, पण गेली.

आता साडू जवळ आले. ते मघापासून फोनवर चित्रण करत होते. "काय, होतंय का? का कॉलेजात जाऊन पुस्तक बघून यायचं?"

"वारा वाढतोय," हेमंतभाऊ म्हणाले. ते चिडलेले नव्हते, पण घाई होती. "बॅटरी पुढे सरकव ना. त्यासाठीच तर सरकती ठेवलीये."

ते चूक नव्हते. आम्ही तसंच करतो. मी झाकण उघडलं, बॅटरी रेघेच्या पुढे नेली, पट्टा आवळला, झाकण लावलं. उचललं. विमान हवेत शांत उभं राहिलं. नाक किंचित खाली. हवं तसं.

"बसलं," हेमंतभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. तो शब्द मी म्हणायचा होता, हे त्यांनाही माहीत होतं. साडूंनी फोन वर धरला.

मी बोटं टिकलीखालीच ठेवली. बोटांना तोल बरोबर लागत होता. पण परवा शेडमध्ये बॅटरी रेघेवर असताना तोल बरोबर होता, आणि आज रेघेवर असताना नव्हता. लाकूड दोन दिवसांत जड होत नाही. काहीतरी मागे गेलं होतं, आणि ते काय, हे मला माहीत नव्हतं. मी नानांकडे पाहिलं. ते सतरंजीवर बसून शेंगा सोलत होते. थरथरत्या हातांनी, खाली बघत. मला वाटलं ते वर बघतील. त्यांनी बघितलं नाही.

"नाही बसलं," मी म्हटलं.

"अगं, समोर दिसतंय की," साडू म्हणाले. "विमान बिचारं उभं आहे. तूच थरथरतेयस."

"तोल आलाय. पण का आला ते मला कळत नाहीये. कळल्याशिवाय मी शब्द देणार नाही." माझा आवाज मलाच बारीक वाटला. तरी मी पुढे म्हटलं, "भाऊ, नाक खाली करून एकदा उभं धरायचं. हळूहळू."

हेमंतभाऊंनी श्वास सोडला. पण त्यांनी नळ्यांच्या धंद्यात गळती शोधलेली होती, त्यामुळे असेल, ते नाही म्हणाले नाहीत. आम्ही दोघांनी विमान धरून नाक जमिनीकडे आणि शेपटी आभाळाकडे केली.

आत काहीतरी घसरलं. खर्र असा आवाज शेपटीपासून निघाला आणि नाकाशी येऊन थांबला. मग सरळ करून उचललं, तर आता नाक धाडकन खाली गेलं.

साडूंनी फोन खाली घेतला.

हे समजावं म्हणून सांगते. या विमानाचं पोट झाकणापासून शेपटीपर्यंत पोकळ असतं. आत सुटी वस्तू असेल तर विमान वर चढताना ती शेपटीत जाते, खाली येताना नाकात येते. तोल दर गिरकीला बदलतो. शिवाय शेपटीच्या सर्व्होच्या सळीत ती अडकली, तर पट्टी अडकते, आणि मग रिमोट हातात असून नसल्यासारखा. बॅटरी पुढे नेऊन मी शब्द दिला असता, तर ते विमान पहिल्याच गिरकीला हातातून गेलं असतं.

मी झाकण उघडून हात घातला. टाकीच्या मागे लाल कापडाची एक घट्ट पुरचुंडी होती.

"काबर थांबनात बठ्ठा?" सगळे का थांबलेत ते विचारत मागून अक्का आल्या. माझ्या हातातली पुरचुंडी पाहून त्या थबकल्या. "ते मीच ठेयेल व्हतं. त्या बाहुलाना पायजवळ."

"माय, कव्हय ठेवं तू?" हेमंतभाऊ म्हणाले.

"तू बॅटरी काढी व्हती ना, तव्हय." त्यांना आपण काही बिघडवलंय हे कळलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं. "पडाले नको म्हनीसन ठेयं."

पुरचुंडीत काय होतं ते त्यांनीच सांगितलं. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या पूजेतली सुपारी, हळकुंड, मूठभर गहू आणि त्यांच्या सासूने दिलेला तांब्याचा जाड पैसा. त्यांनी ती बाहुल्याच्या पायाशी ठेवली होती. तो बाहुला त्यांच्या हिशोबाने आत बसलेला माणूस होता आणि त्याची काळजी घ्यायला हवी होती. पिकअपमध्ये विमान शेपटी खाली करून उभं बांधलं, रस्त्याने हादरे बसले, आणि पुरचुंडी गेली मागे.

"टाक मग ते गाडीत," साडू म्हणाले. "आधी लिंबू, मग हे. अजून काय काय निघतंय बघू. पुरणपोळी आहे का आत?"

मुलं हसली. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, पुरचुंडी परत घ्यायला. पण हात पुढे करून त्या विमानाकडेच बघत होत्या. मला माझी आई आठवली. मी पहिल्यांदा धुळ्याला राहायला निघाले, तेव्हा तिने माझ्या पिशवीत असंच काहीतरी बांधून दिलं होतं. ते मी पिशवीतून कधी काढलेलं नाही.

आणि मग मला एकदम सुचलं. सुचलं म्हणजे, ते तर मी रोजच करत होते.

पंखातून पोटात आरपार जाणारी ती कार्बनची नळी असते ना, ती बरोबर काळ्या टिकल्यांच्या रेषेत असते. विमान आपण जिथे बोटांवर घेतो, ती जागा. तिथे वजन ठेवलं तर विमान तेवढं जड होतं, पण पुढेही झुकत नाही आणि मागेही झुकत नाही.

"अक्का, हाई आठे ठेऊ का?" मी विचारलं. शेडमध्ये मी गावाकडचं बोलत नाही. त्या दिवशी आपोआप आलं. मी त्यांचा हात धरून नळीवर ठेवला. "आठे ठेवं ते इमान डुलस नही."

त्यांनी नळी चाचपून पाहिली. "बाहुलापाईन दूर नही ना?"

"हातभर बी नही."

मी पुरचुंडी नळीवर ठेवली, बॅटरीचा जादा पट्टा होता तो तिच्याभोवती दोन वेळा फिरवून आवळला. हलवून पाहिलं. बॅटरी परत पेन्सिलच्या रेघेवर आणली. झाकण लावलं. नाक वर, नाक खाली, दोन्ही बाजूंना कलंडवून ऐकलं. आत काही वाजलं नाही. मग टिकल्यांखाली बोटं घातली आणि उचललं.

नाक किंचित खाली. परवा शेडमध्ये होतं तसंच.

"बसलं," मी म्हटलं.

नानांनी शेंगा खाली ठेवल्या आणि हात झटकले. तेवढंच.

हेमंतभाऊंनी पेट्रोल भरलं, पंखा फिरवला, इंजिन सुरू झालं. माळावरची धूळ मागे उडाली. विमान धावलं आणि रस्त्यापलीकडे सोनगीरच्या किल्ल्याच्या बाजूला वर चढलं. एक फेरी त्यांनी सरळ घेतली. दुसऱ्या फेरीला हात सैल सोडला तरी ते सरळच गेलं. मग त्यांनी ते उलटं केलं. उलटं होऊनही ते तसंच शांत चाललं. साडू चित्रण करत होते आणि स्वतःशीच "अरे, अरे" म्हणत होते. शेवटी हेमंतभाऊंनी नाक वर करून विमान हवेत लटकवलं. अक्कांनी पदर डोळ्यांवर धरून वर पाहिलं. तो उन्हासाठी होता की डोळे पुसायला, मला सांगता येणार नाही.

खाली उतरून इंजिन थांबल्यावर अक्का सगळ्यांच्या आधी पोचल्या. मी झाकण काढून दाखवलं.

"आठेच राह्यनं का?"

"आठेच राह्यनं, अक्का. हालनं बी नही."

त्यांनी पुरचुंडीवर बोट टेकवलं आणि झाकण लाव म्हणून खूण केली.

परतीच्या वाटेवर धुळे जवळ आलं तेव्हा नाना म्हणाले, "बॅटरी पुढे नेऊन बसलं होतं, तेव्हा मीही हो म्हटलं असतं बहुतेक." मग थोड्या वेळाने, "दिवाळीनंतर जळगावचं एक मोठं येतंय. खोकं तूच उघड."

शेड चालू आहे. आता आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक विमानात कार्बनच्या नळीवर एक रिकामा पट्टा असतो. तो मी लावते. विमान न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी इंजिन दाखवते, बॅटरीची रेघ दाखवते आणि मग तो पट्टा दाखवते. "घरचं काही ठेवायचं असेल तर इथे. दुसरीकडे कुठेही नाही." शहरातले काहीजण हसतात, आमच्यात असलं काही नाही म्हणतात. मी बरं म्हणते.

मग माळावर झाकण उघडलं की बहुतेक वेळा पट्ट्यात काहीतरी असतं. कधी अंगाऱ्याची पुडी, कधी मुलाचा पायातला वाळा. एकदा नुसता घडी केलेला रुमाल होता. काय आहे ते मी विचारत नाही. पट्टा आवळलाय का ते बघते, बोटं घालते आणि विमान पुन्हा एकदा तोलते.